दोन अंगणांचे नंबर

पूनमसिंगच्या दुकानात मला जेव्हा पहिल्यांदा विचारण्यात आलं, "साहेब, स्टॅटिक ठेवू का डायनॅमिक?" तेव्हा मी दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिले आणि "डायनॅमिक" असं ठणकावून सांगितलं. स्टॅटिक या शब्दाला मला जरा कोंदट वास आला. डायनॅमिक म्हणजे कसं, चालतं-फिरतं, उमेदीचं. शिवाय माझ्या मागे आणखी गिऱ्हाइकं उभी होती, आणि भर दत्त चौकातल्या दुकानात "म्हणजे काय?" असं विचारणं माझ्या हुद्द्याला शोभलं नसतं.

माझा हुद्दा कापूस ग्रेडरचा. खरेदी केंद्रावर गाडी लागली की मी त्यातला मूठभर कापूस काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढतो आणि त्याची लांबी सांगतो. लोक ऐकून घेतात. अशी सवय लागली की माणसाला वाटायला लागतं, जगातली कुठलीही वस्तू चिमटीत ओढून पाहिली की तिची प्रत कळते. त्या वर्षी तर चिमटीत धरायला कापूसही नव्हता. भाव असा काही पडला होता की लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता, ज्यांना थांबणं शक्य नव्हतं त्यांच्याकडून व्यापारी खेड्यातूनच उचलून नेत होते, आणि आम्ही केंद्रावरचे कर्मचारी रिकाम्या वजनकाट्यावर बसून आपापलं वजन करत होतो. माझं वाढलेलं निघालं.

दुकानात मी कॅमेरा घ्यायला गेलो होतो. माझे वडील डोमाजी एके दुपारी अंगणात कढीपत्त्याला पाणी घालताना चक्कर येऊन पडले. लागलं फारसं नाही, पण रक्तदाब निघाला, गोळ्या सुरू झाल्या. मी दिवसभर केंद्रावर, माझी बायको ममता बाभूळगावच्या पुढच्या एका उपकेंद्रावर नर्स, आणि आई गेल्यापासून घरात बाबा एकटेच. पुण्याला माझी धाकटी बहीण मोनाली कंप्यूटरच्या कंपनीत आहे. तिचा फोन आला.

"दादा, अंगणात कॅमेरा लाव. मी इथून लक्ष ठेवीन."

"तू पुण्यातून लक्ष ठेवून करशील काय? पडले तर धरशील?"

"निदान पडलेले कळतील तरी," ती म्हणाली. आमच्याकडे वाद घालण्याचं शिक्षण फक्त मोनालीला मिळालेलं आहे.

तर कॅमेरा आला. तो लावायला पूनमसिंग जातीने शिडी घेऊन आला. तो शिडीवर चढला आणि इतक्यात भिंतीपलीकडून मधुसूदनकाकांचं डोकं वर आलं. मधुसूदनकाका आमचे शेजारी, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, तेही एकटेच. त्यांचं डोकं भिंतीवर दिसलं की समजावं, प्रकरण आता सरळ मार्गाने जाणार नाही.

"परवानगी घेतली का?" त्यांनी विचारलं.

"कोणाची काका? आमचंच अंगण आहे."

"अंगण तुमचं. पण कॅमेऱ्याची नजर भिंतीच्या अलीकडे येते का पलीकडे थांबते, हे कोण ठरवणार?" मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "नाही म्हणजे, आमची लेक सुमेधा हैदराबादहून रोज हेच म्हणते. एक माझ्याकडेही लावून टाका. तुमचं इंटरनेट माझ्या ओट्यापर्यंत येतंच. मी तपासलं आहे."

कसं तपासलं, हे मी विचारलं नाही. अशा रीतीने एका मोडेमवर दोन कॅमेरे बसले, एकाच कंपनीचे, एकाच डब्यातून काढल्यासारखे. पूनमसिंगने आम्हा तिघांना भिंतीपाशी उभं करून व्यवस्था समजावून सांगितली.

"मोडेम म्हंजे शाळेतला मास्तर समजा. आपन डायनॅमिक ठेवलं. मंग जो आधी उठते त्याले तो तीन नंबर देते. मागून उठते त्याले चार. आता तुमचा तीन हाय, काकाचा चार. पुण्याची मॅडम आली का मी तिले तीन नंबरच्या दारात पाठवतो. हैदराबादची आली का चार नंबरच्या."

बाबांनी विडी विझवली. ते एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी यवतमाळ-फुलसावंगी लाइनवर काढलेली. "म्हंजे नंबर सीटले हाय का पॅसिंजरले?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी विचारलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न. मी त्यांना म्हणालो, "बाबा, ते टेक्निकल आहे."

पहिले काही दिवस यंत्रणा इतकी चोख चालली की मी केंद्रावर सगळ्यांना कॅमेरा घेण्याचा सल्ला देऊ लागलो. मोनाली पुण्यात आपल्या कामाच्या खिडकीशेजारी आमच्या अंगणाची खिडकी उघडून बसायची आणि बाबा अंगणात आले की फोन करायची. बाबा, टोपी घाला. बाबा, उन्हात कायले उभे राह्यले. बाबा, दुपारची गोळी घेतली का, मला घेताना दिसले नाही. बाबा, हातात विडी आहे का ती. बाबा, बनियन बदला.

"मी नोकरीभर चेकिंगवाल्याइले तोंड दिलं," बाबा ममताला म्हणाले. "पन तो गाडीत चढे, तिकिटं पाहे, अन् उतरून जाये. हे तर उतरूनच नाई राह्यली."

मग उन्हं वाढली आणि लोडशेडिंग सुरू झालं. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण वीज पेपर वाचत नसावी. ती कधीही जायची, कधीही यायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिवे गेले, दिवे आले, मोडेम पुन्हा लुकलुकू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर पोचतो न पोचतो तोच मोनालीचा फोन. आवाज फार सांभाळून लावलेला.

"दादा, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. का?"

"बाबांचं काही बिनसलंय का? मनावर काही परिणाम वगैरे?"

"झालं काय ते सांग ना."

"दादा," ती म्हणाली, "बाबांनी जानवं घातलंय."

मी वजनकाट्यावर बसलो. आमच्या घराचा या वस्तूशी सन छप्पन्नपासून काही संबंध नाही, आणि त्याच्याआधी तर मुळीच नव्हता.

"तुला नीट दिसलं का?"

"पाठमोरे उभे आहेत. उघडे. डोक्यावरचे केस काढलेत. तांब्यातून पाणी सोडतायत सूर्याला. मी तीनदा पाहिलं दादा, मी उगीच नाही सांगत."

मी मोटरसायकल काढली. केंद्रावर माझ्यावाचून काही अडणार नव्हतं. घरी आलो तर बाबा बनियन घालून, डोक्यावरच्या सगळ्या केसांनिशी, पेपर वाचत बसलेले. आणि भिंतीपलीकडे मधुसूदनकाका उघड्या अंगाने, हातात रिकामा तांब्या घेऊन, मोबाइल कानाला लावून उभे. त्यांचा चेहरा पडला होता. मला पाहताच त्यांनी फोन ठेवला.

"अतुलराव, सुमेधाला कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

"ती म्हणाली, बाबा, तुम्ही निर्णय घेतलाय तर माझी ना नाही, पण मला आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, अगं निर्णय कसला, दोनदाच खाल्लं, आणि तेही ऑम्लेट, डोमाजींच्या घरी. तर ती रडायलाच लागली."

उलगडा व्हायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक जण आपापल्या गुन्ह्याचा खुलासा आधी करत होता. झालं होतं ते असं. दिवे आल्यावर काकांचा कॅमेरा आधी जागा झाला. मोडेमने त्याला तीन नंबर देऊन टाकला, आमच्याला चार. त्यामुळे पुण्याची मोनाली काकांच्या अंगणात शिरली आणि हैदराबादची सुमेधा आमच्या. सुमेधाने आदल्या संध्याकाळी काय पाहिलं, तर एक म्हातारा माणूस अंगणाच्या कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून, हात जोडून, डोळे मिटून उभा आहे. चित्र धूसर, संध्याकाळचा उजेड, आणि दोन्ही अंगणं जवळजवळ सारखीच. तिने रात्रभर विचार केला आणि मन मोठं करून सकाळी फोन केला. त्या मोठ्या मनाला काकांनी ऑम्लेटचं उत्तर दिलं.

"म्हंजे नंबर सीटलेच हाय," बाबा म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

पुढे हे रोजचं झालं. कधी अंगणं सुलट, कधी उलट. मी घरी आलो की दोन्ही कॅमेऱ्यांचे प्लग काढायचे, आधी आमचा लावायचा, मग भिंतीवरून काकांना ओरडून सांगायचं, आता तुमचा लावा. काका सरकारी शिस्तीचे. ते "लावला" असं आधी म्हणायचे आणि मग चष्मा शोधायला जायचे. तोवर पुन्हा दिवे जायचे.

या उलटसुलट दिवसांत दोन्ही मुली मात्र शहाण्यासारख्या वागल्या. चुकीचं अंगण दिसलं की खिडकी बंद करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही. एकदा मी जेवायला घरी आलो तर बाबा फोनवर बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यात न चिडलेला सूर ऐकून मी दारातच थांबलो.

"हो बेटा. नाई, ऊन तं हायच. बरं बरं, तू म्हनतं तं सावलीत बसतो. तुमच्या हैदराबादले आमच्या डेपोची गाडी जाये पह्यले, मालूम हाय का तुले?"

"कोण होतं?" मी विचारलं.

"सुमेधा. तिले आपलं अंगन दिसून राह्यलं आज. म्हने, काका, मी सहज विचारते, ऊन लागत नाही का? कशी नरमीनं विचारते पाह्य."

आणि ते उठून खरंच सावलीत गेले. गोळीही घेतली. ही गोळी घ्यायला लावण्यासाठी मोनालीला साधारणपणे तीन फोन आणि एक धमकी लागत असे. मी हे सगळं पाहिलं आणि त्यातून निष्कर्ष काढला, की यंत्रणा बिघडलेली असून ती ताबडतोब दुरुस्त करायला हवी. ग्रेडरला धागा दिसतो, कापड दिसत नाही.

मोनालीला विचारलं तर ती म्हणाली, "दादा, तू डायनॅमिक ठेवलंस? स्टॅटिक कर." आणि तिची मीटिंग सुरू झाली.

आता स्टॅटिक कुठे मिळतं? आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुंडलिकराव राहतात. त्यांचा सल्ला न घेता आमच्या गल्लीत कोणी बोअरसुद्धा मारत नाही, आणि घेऊन मारल्यावर पाणी लागत नाही. ते म्हणाले, "नंबर टेलिफोन ऑफिस देते. तितंच मागा. अन् पक्का नंबर मागा, कच्चा घेऊ नका. कच्च्यात पुढं लय तरास होते."

टेलिफोन ऑफिसात मी गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि मला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी मला पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं.

"तुम्हाला स्टॅटिक आयपी पाहिजे?"

"हो."

"म्हणजे कायमचा पत्ता."

"हो."

"घरगुती ग्राहकाला कायमचा देत नाही. व्यवसाय काय आहे?"

"मी ग्रेडर आहे. नोकरी."

"मग दुकान वगैरे? काही विकता का अंगणात?"

"अंगणात माझे वडील बसतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुकानाचा परवाना आणा, मग बघू. नसेल तर निदान कायम रहिवासाचा दाखला आणा."

"रहिवासाचा कशाला?"

"तुम्हीच कायमचे नसाल, तर तुम्हाला पत्ता कायमचा कसा देणार?"

ते तर्कशुद्ध होतं. मी रहिवासाच्या दाखल्यासाठी दोनदा चकरा मारल्या. मधुसूदनकाका उत्साहाने सोबत आले, कारण त्यांना आपली जुनी कचेरी पाहायची होती. तिथे त्यांना ओळखणारं कोणीच उरलं नव्हतं, आणि त्यांनी दाखल्याच्या कामातल्या त्रुटी मोठ्याने दाखवून दिल्यामुळे ओळखणारे लगेच तयारही झाले. आम्हाला सोमवारी बोलावलं. सोमवारी गुरुवारी बोलावलं. अखेर दाखला घेऊन मी वरच्या मजल्यावर गेलो, तर ते साहेब रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेल्या मॅडमनी दोन मिनिटांत माझ्याकडून काढून घेतलं की दोन्ही कॅमेरे एकाच मोडेमवर आहेत.

"अहो, मग तुम्हाला आमच्याकडून काहीच नको," त्या म्हणाल्या. "आम्ही देतो तो बाहेरचा नंबर. तुमची अदलाबदल आतली आहे. घरातलं घरात मिटवा."

शेवटचं वाक्य त्या जरा जोरात म्हणाल्या. बाकावर बसलेल्या लोकांनी माझ्याकडे, मग माझ्याबरोबर आलेल्या मधुसूदनकाकांकडे पाहिलं. एका आजीबाईंनी चुकचुकत म्हटलं, "बापलेकाचं हाय वाटते काही."

घरातलं घरात मिटवायचं म्हणून मी स्वतःच मोडेमच्या आत शिरलो. म्हणजे कंप्यूटरवरून. मोनालीने फोनवर वाट सांगितली. आमच्या कॅमेऱ्यात मी 'स्टॅटिक' निवडलं आणि हाताने तीन नंबर टाकला. काकांच्या कॅमेऱ्याला हात लावला नाही. आपला पक्का झाला की त्यांचा आपोआप चारवर जाईल, असा माझा हिशोब. ममता म्हणाली, "मोडेमले सांगितलं का, का तीन आता आपला झाला म्हून?" मी म्हणालो, "ते त्याला कळतं."

ते त्याला कळत नाही. संध्याकाळी दिवे गेले आणि आले. काकांचा कॅमेरा आधी जागा झाला, मोडेमने सवयीने त्याला तीन देऊन टाकला. मागून आमचा उठला, तो आपला तीन स्वतःच घेऊन उठला. आता एका सीटवर दोन पॅसिंजर. पुण्याच्या मोनालीला एका क्षणी तिचे बाबा दिसायचे, पुढच्या क्षणी मधुसूदनकाका, मग काहीच नाही. हैदराबादच्या सुमेधाला तर नुसताच काळा पडदा. तिने घाबरून काकांना फोन केला. काका घाबरून अंगणात धावले आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहून दोन्ही हात हलवू लागले. मोनालीला वाटलं, काका मदत मागतायत. तिने बाबांना फोन केला, "बाबा, पळा, मधुसूदनकाकांना काहीतरी होतंय." बाबा भिंतीवरून उडी मारायला गेले आणि वरच अडकून बसले. मी घरी आलो तेव्हा एक म्हातारा भिंतीवर आडवा बसलेला, दुसरा खालून त्याचा पाय धरून "उतरा, मला काही झालेलं नाही" म्हणत खेचतोय, आणि गल्लीतले लोक आपापली मतं घेऊन जमलेले. पुंडलिकरावांचं म्हणणं, मी कच्चा नंबर घेतला असणार.

पूनमसिंगला बोलवावंच लागलं. त्याने मान हलवत सांगितलं, "साहेब, मास्तर ज्या नंबरातून वाटून राह्यला, त्यातलाच उचलला तुमी. त्याच्या वाटपाच्या बाहेरचा घ्या ना. एक्कावन, बावन. अन् दोघायलेबी द्या."

हे त्याने पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तुमीच तं डायनॅमिक म्हनले. एवढ्या जोरानं म्हनले, मले वाटलं, साहेबाले मालूम असन."

एक्कावन आमच्या अंगणाला, बावन काकांच्या; मोनालीला पूनमसिंगने आता एक्कावनच्या दारात पाठवलं, सुमेधाला बावनच्या. तेही सहजासहजी झालं नाही. काकांचं म्हणणं, नगरपालिकेच्या नोंदीत त्यांचं घर आधीचं, त्यामुळे एक्कावन त्यांचा. बावन हा आकडा मोठा आहे हे पटवल्यावर ते बावनवर राजी झाले. दिवे गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. मोनालीला प्रत्येक वेळी तिचे बाबा दिसले, सुमेधाला तिचे. मी केंद्रावर पेढे नेले. कशाचे, असं विचारल्यावर मी सविस्तर सांगितलं, आणि पेढे संपेपर्यंत लोकांनी ऐकूनही घेतलं.

मग आमचं अंगण रिकामं झालं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मोनाली म्हणू लागली, "दादा, बाबा दिसतच नाहीत. तासन् तास नुसता कढीपत्ता दिसतो." बाबांना विचारलं तर म्हणाले, "आत बसतो. गरमी हाय." भिंतीपलीकडेही तेच. मधुसूदनकाकांनी सूर्याला पाणी सोडायचं न्हाणीघराच्या खिडकीतून सुरू केलं होतं. एके दिवशी सकाळी मी त्यांना चहाला हाक मारली तर ते भिंतीशी वाकून, अगदी खाली बसून, चालत आले. कॅमेरा चुकवत. एवढा मोठा माणूस, अव्वल कारकून, आपल्याच अंगणातून बसून चालतोय, हे पाहून मी हसलो. तेही हसले, पण थोडंच.

"सुमेधा काळजीने बोलते हो," ते म्हणाले. "पण बोलते फार."

मे महिन्यातल्या एका दुपारी ममता उपकेंद्रावरून लवकर आली. बाबा घरात नव्हते, अंगणात नव्हते. तिने मागचं दार उघडलं. घरामागे आमची पत्र्याची पडवी आहे, जुनी लाकडं, सायकल, रॉकेलचे डबे ठेवायची. त्या तापलेल्या पत्र्याखाली बाबा भिंतीला टेकून बसले होते, घामाने निथळलेले, मान एका बाजूला. हाक मारली तर ओ देत होते, पण शब्द लागत नव्हता. तिने त्यांना आत ओढून आणलं, फरशीवर निजवलं, ओल्या टॉवेलने पुसलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, आणि मग मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते आणि ममता कोपऱ्यात पाठ फिरवून टॉवेल पिळत होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

डॉक्टरांकडून आल्यावर मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. त्यांची चादर दोनदा सारखी केली. शेवटी म्हणालो, "बाबा, तिथं पत्र्याखाली काहून बसले? एवढी सावली आहे अंगणात."

"अंगनात पोट्टी हाय," ते म्हणाले.

"तुमचीच पोरगी आहे."

"हो ना. म्हून तं." ते कुशीवर वळले. "तिचंबी चुकत नाई. तिले मी दिसलो का भेव वाटते, अन् भेव वाटलं का ते रागावते. तिची मायबी अशीच होती. पन मले लहान पोरावानी वाटते, अतुल. मी खोकललो तरी फोन येते. विडी मी तिच्या फोनमुळं नाई सोडली, अन् खरं सांगतो, सुमेधानं एक खेप म्हटलं, काका, बाबा पन आधी ओढायचे, तं मले लाज वाटली. दोन दिवस नाई ओढली."

दारात मधुसूदनकाका उभे होते. ते कधी आले मला कळलं नव्हतं. हातात मोसंबी, चेहऱ्यावर अर्ज घेऊन आलेल्या माणसाचा भाव.

"डोमाजी बोलले का तुमच्याशी?" त्यांनी मला विचारलं.

"कशाबद्दल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तुमीच सांगा. तुमाले सरकारी भाषा येते."

काकांनी घसा साफ केला. "असं आहे अतुलराव, तुमचे श्रम आम्हाला मान्य आहेत. नंबर पक्के झाले, उत्तम झालं. रोज प्लग काढा, घाला, ते नकोच. स्टॅटिकला आमची हरकत नाही. फक्त," ते थांबले. "फक्त ते उलटे करता येतील का?"

"उलटे?"

"मोनालीला माझं अंगण द्या. ती मला फार छान बोलते. परवाच्या त्या गोंधळाआधी तिने मला दोनदा विचारलं होतं, काका, आज गुडघा कसा आहे? सुमेधाने गुडघ्याला कधी विचारलं नाही, ती थेट ओरडते, चालू नका. आणि सुमेधा डोमाजींकडे असू दे. काही झालंच, तर दोघींनाही बाजूच्या घराचा नंबर पाठ आहे. लक्ष राहील. फक्त त्यांना रागवायचा अधिकार राहणार नाही."

माझी एवढी धडपड, टेलिफोन ऑफिसचे जिने, रहिवासाचा दाखला, बाकावरच्या आजीबाई, केंद्रावर वाटलेले पेढे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. या सगळ्यातून मी जी गोष्ट दुरुस्त केली होती, ती बिघडलेली होती तेव्हाच नीट चालत होती, असं मला सांगण्यात येत होतं, आणि तेही विनंतीच्या भाषेत.

मोनालीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन फोन लावला. पडवीचं सगळं सांगितलं. तिने नाक ओढलं.

"माझ्यामुळं झालं ना ते?"

"असं कोणी म्हणत नाही."

"बाबा तसेच दिसतात ना दादा स्क्रीनवर, लहानसे. कढीपत्त्याला पाणी घालताना भिंतीचा आधार घेतात. ते दिसलं की मी फोन करून टोपीवरून भांडते." पुण्यात इतकी वर्षं राहूनही रडायला आली की ती वऱ्हाडीच होते. "काकायनं भिंतीचा आधार घेतला तर मले पाहवते. मी त्याइले नीट बोलू शकते. कर उलटं. सुमेधाताईशी मी बोलते. तिलेबी हेच पायजे असन."

सुमेधालाही तेच पाहिजे होतं. तिने फक्त एक अट घातली, की आठवड्यातून एकदा मोनालीने तिला काकांच्या खाण्याचा खरा अहवाल द्यायचा, ऑम्लेटसकट.

मग मी पुन्हा कंप्यूटरपुढे बसलो. आमच्या अंगणाच्या कॅमेऱ्यात बावन टाकला, काकांच्या कॅमेऱ्यात एक्कावन. नगरपालिकेच्या नोंदीप्रमाणे एक्कावन शेवटी आपल्यालाच मिळाला, हे काकांनी भिंतीवरून बाबांना दोनदा सांगितलं. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, कढीपत्त्याच्या सावलीत, डोक्याला टोपी. कोणी सांगितली नव्हती. त्यांचा फोन वाजला तेव्हा त्यांनी आधी बनियन सारखं केलं आणि मग उचलला.

ममता आतून भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहू लागली.

"झालं का बराबर?"

"बरोबर नाही," मी म्हणालो. "चुकीचंच आहे. पण आता दिवे गेले तरी हलणार नाही."